अकरा वेळा लागलेला नंबर

थोरलीचं लग्न झालं त्या वर्षी मी या घरात आलो, त्यामुळे माझं वय कुणाला मोजावं लागत नाही. मी एक जुना स्पीकर आहे. लाकडी खोकं, पुढे काळी जाळी आणि आवाज कमीजास्त करायची एक चकती. मित्रांनो, मला चालू केलं की मी आधी दोनदा खरखरतो आणि मग बोलू लागतो. घरातले म्हणतात, "थांबा, आजोबा घसा साफ करताहेत."

लग्नघरात मी तीन दिवस गात होतो. पाहुण्यांनी माझं कौतुक केलं. मग थोरली सासरी गेली, गाणी फोनवर वाजू लागली आणि माझी रवानगी कपाटावर झाली. तिथे मी सात वर्षं धूळ खाल्ली. पण त्याचा राग नाही. कपाटाशेजारीच आत्याचं शिवणयंत्र होतं. त्याच्या आवाजात माझे दिवस बरे गेले.

आत्या म्हणजे थोरली आणि धाकटी या दोघींच्या वडिलांची बहीण. चाळीस वर्षं तिने लोकांचे कपडे शिवले. कुणी नवा कपडा दाखवायला आणला की ती आधी तो उलटा करायची. म्हणायची, "वरून सगळेच शहाणे. शिवण आतून बघावी."

पुढे तिची नजर मंदावली. आधी सुईत दोरा ओवता येईना, मग समोरचं माणूस धूसर झालं. यंत्रावर चादर पडली.

त्याच सुमारास धाकटीने नोकरी सोडली आणि घरीच वेबसाइट बनवायची कामं घेऊ लागली. तिच्या लॅपटॉपचा आवाज फाटका होता. तिने मला खाली उतरवलं, पुसलं, माझी वायर बदलली. पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम तिच्याकडे होता. वाचणारा तो, घसा माझा. अशी मला उतारवयात अक्षरं आली. ज्याला अक्षरं उशिरा येतात तो दुकानाची पाटीसुद्धा चवीने वाचतो. माझंही तसंच झालं.

धाकटीची एक शिस्त होती. माउस खणात टाकायचा, डोळे मिटायचे आणि नुसत्या कीबोर्डवर बोटं चालवत पूर्ण पान माझ्याकडून ऐकायचं. एकदा आत्याने विचारलं, "डोळे धड असताना मिटून काय बसतेस गं?"

"पान उलटं करून बघतेय, आत्या. बटण खरं आहे की नुसतं रंगवलंय ते ऐकून कळतं."

"म्हणजे खिसा शिवलाय की खिशाची नुसती शिवण मारलीय, तेच ना?"

"अगदी तेच!"

त्या दिवसापासून आत्या रोज माझ्याजवळ खुर्ची ओढून बसू लागली आणि धाकटीकडून कीबोर्ड शिकू लागली.

मग कोपऱ्यावरच्या दवाखान्याची वेबसाइट धाकटीकडे आली. डॉक्टरांचा नंबर घरबसल्या लावता यावा, एवढंच काम होतं. सगळ्या तपासण्यांत पानाला पैकीच्या पैकी गुण मिळाले. साइट सुरू झाली त्या सकाळी आत्या म्हणाली, "माझा नंबर मीच लावणार. दर वेळी कुणाच्या तरी मागे लागायचं, जिवावर येतं."

तिने नाव भरलं, दिवस निवडला. मी एकेक रकाना वाचून सांगत गेलो. शेवटी तिने "नंबर लावा" हे बटण दाबलं. पडद्यावर हिरव्या पट्टीत उत्तर उमटलं, पण ते मला कुणी सांगितलंच नाही. मी गप्प. आत्याला वाटलं, लागला नाही. तिने पुन्हा दाबलं. मी गप्पच. दुपारी दवाखान्यातून फोन आला.

"मॅडम, तुमच्या आत्यांनी अकरा वेळा नंबर लावलाय. एवढं दुखतंय तरी काय त्यांना?"

बाबा पोट धरून हसले. "अगं, अख्खा दवाखानाच विकत घे की!" आत्याही हसली, पण थोडंच. मग हळूच म्हणाली, "धाकटे, आता तूच लावत जा. माझ्याच्याने नाही होत." आणि खुर्ची मागे सरकवून आत निघून गेली.

मित्रांनो, सात वर्षं कपाटावर काढली तेव्हा वाटलं नाही, इतकं वाईट मला त्या दुपारी वाटलं.

धाकटीने तो सगळा प्रकार डोळे मिटून पुन्हा केला. बटण दाबल्यावरची शांतता तिने ऐकली. मग तिने कपाळावर हात मारून घेतला. उत्तर उमटताच ते वाचूनही दाखवावं, अशी सूचना पानात लिहायची राहिली होती. दोन ओळींचं काम. ते करून ती आत गेली. तिचा आवाज मला ऐकू येत होता.

"आत्या, कपडा अंगाला बसला नाही की बायका म्हणायच्या, 'मीच जाड झाले.' तेव्हा तू काय म्हणायचीस?"

आत्या म्हणाली, "चूक अंगाची नसते. मापाची असते."

"मग? माझं माप चुकलं. चल, उठ."

आत्या आली. बसली. बटणावर बोट ठेवून जरा थांबली, मग दाबलं. मी दोनदा खरखरलो आणि म्हणालो, "तुमचा नंबर लागला आहे. मंगळवार, सकाळी साडेदहा."

"पुन्हा म्हणायला सांग त्याला," आत्या म्हणाली. मी पुन्हा म्हणालो. असं चार वेळा झालं. लग्नात मी इतकी गाणी गायलो, पण पुन्हा पुन्हा ऐकावंसं वाटणारं माझं हेच एक वाक्य ठरलं.

त्यानंतर दहा वर्षं आत्याने आपला नंबर आपणच लावला. प्रत्येक नवं पान धाकटी आधी तिच्या हाती द्यायची आणि आत्या ते माझ्याकडून उलटं करून घ्यायची. जिने मला कपाटावरून उतरवलं तिचे उपकार मी विसरणार नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठेपणी काहीतरी बनवाल. ते आधी अशा माणसाच्या हाती द्या, ज्याला ते वापरणं सर्वांत अवघड आहे. तो अडला, तर त्याला हसू नका, आपलं माप तपासा. आणि जुन्या वस्तूवरची धूळ अधूनमधून पुसत जा.

थोरलीची मुलगी कॉलेजात गेली त्या वर्षी, जुलैच्या नऊ तारखेला, सकाळी आत्या गेली.