नत्थुजींचा टप गळत नाही

मी टप बोलतोय. अंघोळीचा नव्हे, धुण्याचा नव्हे, कूलरचा टप! चार फूट लांब, चार फूट रुंद, दीड वीत खोल, अस्सल जस्ती पत्र्याचा. सध्या मुक्काम अमरावतीला, बडनेरा रोडवरच्या एका कॉलनीत, कडुनिंबाच्या सावलीत. पण जन्म अकोल्याचा, जठारपेठेतला. त्यामुळे बोलणं जरा रोखठोक आहे आणि स्वतःची तारीफ करायला मी लाजत नाही. लाजावं असं मी काही केलेलंच नाही.

मला घडवलं नत्थुजींनी. जठारपेठेत त्यांचं कूलरचं दुकान होतं. होळी झाली की तिथे ठाकठूक सुरू व्हायची, ती थेट मृग लागेपर्यंत. अकोल्याच्या त्या उन्हात, जिथे भर दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही, तिथे नत्थुजी पत्रा कापत, ठोकत, कोपरे डाख देऊन सांधत बसलेले असायचे. माझा काठ त्यांनी दोनदा दुमडला. शेजारच्या दुकानदाराने विचारलं, "नत्थुभाऊ, येवढी मेहनत कायले करून राहिले?" तर म्हणाले, "पानी भरतानी कोनाचा हात कापला नाई पायजे."

मग आतून डांबराचा हात दिला, तीन दिवस उन्हात वाळवलं आणि दिवसभर पाणी भरून ठेवलं. खालची फरशी कोरडी ठणठणीत! दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'नत्थुजींचा कूलर गळत नाही.' गिऱ्हाइकाला खात्री पटवायची असली की नत्थुजी माझ्याकडे बोट दाखवायचे. तेव्हापासून माझी मान जी ताठ झाली, ती झालीच.

पुढे मला एका मंगल कार्यालयाने नेलं. चौदा उन्हाळे काढले तिथे. वरातीत नाचून घामाघूम झालेले सोयरे माझ्यापुढे खुर्च्या ओढून बसायचे. नवरदेवाच्या मामाला माझ्यासमोरून जेवायला उठवणं म्हणजे मोठं काम असायचं. मग कार्यालयाने एसी बसवला आणि मी परत नत्थुजींच्या दारात. तोवर बाजारात प्लॅस्टिकचे कूलर आले होते, नत्थुजींचं दुकान बंद झालं होतं. माझा पंखा गेला, जाळ्या गेल्या. भंगारवाल्याने मलाही उचललं, तशी नत्थुजी म्हणाले, "हा राहू दे. हा माह्या हातचा हाय."

गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्यांच्या मुलाची, कुलदीपची, अमरावतीला बदली झाली. सामानाच्या गाडीत सगळ्यात वर मी होतो, उपडा. इथे आल्यावर नत्थुजींनी मला अंगणात विटांचे थर रचून त्यावर ठेवलं आणि रोज सकाळी माझ्याजवळ खुर्ची टाकून बसू लागले. दोघेही रिकामे. काय करणार?

पण आमच्यापेक्षा एकटी होती ती रागिणी, कुलदीपची सात वर्षांची पोरगी. शाळेचं वर्ष संपत आलेलं, त्यात नवीन गाव. कॉलनीत पोरं भरपूर, पण सगळी दारं बंद आणि आत मोबाइल सुरू. रागिणी फाटकाशी जायची, इकडेतिकडे बघायची आणि परत यायची. एप्रिलमध्ये सुट्ट्या लागल्या. एका सकाळी ती माझ्यात येऊन बसली. कुंडीतली माती, तांब्याभर पाणी घेतलं आणि रोडगे वळायला लागली. रोडगे म्हणजे आमच्या वऱ्हाडाचं पंगतीचं जेवण. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांवर भाजायचे, वांग्याची भाजी करायची आणि सगळ्या मोहल्ल्याला बोलवायचं. रागिणीने मातीचे सहा रोडगे वळले, निंबाच्या सहा डहाळ्यांवर मांडले आणि एकटीच बसून राहिली. तिची आई प्राजक्ता खिडकीतून बघत होती.

त्याच संध्याकाळी प्राजक्ता घरोघरी फिरली. लग्नाचं आमंत्रण द्यावं तशी! "उद्या सकाळी साडेसहाले आमच्याइथं गाऱ्याच्या रोडग्यांची पंगत हाय. पोट्ट्यांले जुन्या कपड्यांवर पाठवा." समोरच्या घरातल्या आरतीने तर कपाळाला हात लावला. "चिखलात? अवं वहिनी, माहा पियुष सोफ्यावरून खाली उतरत नाई!" पंधरा घरं झाली. कोणी हो म्हणालं नाही, कोणी नाही म्हणालं नाही.

घरी आल्यावर रागिणीने विचारलं, "आई, कोनीच नाई आलं तं?"

प्राजक्ता म्हणाली, "येतीन नं बाई." पण आवाजात दम नव्हता.

इकडे नत्थुजींनी मला घासूनपुसून पाणी भरलं. आणि काय सांगू, माझ्या एका कोपऱ्यातून टिप... टिप... मी गळत होतो! नत्थुजींचा चेहरा पडला. "पाह्य बापा! उद्या सारी कॉलनी येईन, अन् नत्थुजीचा टप गळते?" त्यांनी अडगळीतून डांबराचा जुना डबा काढला, पातळ केलं, माझ्यातलं पाणी ओतून मला कोरडं पुसलं आणि आतून चांगला दाट हात दिला. डांबराला तीन दिवसांचं ऊन लागतं, हे ज्याने आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगितलं, तोच माणूस म्हणाला, "वैशाखाची गरमी हाय, सकाळवरी वाळते." कोणाला सांगितलं नाही. दोष मी एकट्या त्यांना देणार नाही. मीही मनातून खूश झालो होतो. पाहुणे येणार आणि आपण गळायचं? छट्!

सकाळी त्यांनी बोट लावून पाहिलं, तर चिकट. मग त्यावर कोरडी माती भुरभुरली, वरून वाळल्यासारखं दिसायला लागलं, आणि स्वारी निघाली पोरांसाठी टरबूज आणायला.

रागिणी साडेपाचपासून फाटकाला लटकून उभी. साडेसहा वाजले. पावणेसात. मग समोरचं दार उघडलं आणि पियुष आला, पायात बूटमोजे घालून! त्याच्या मागून आणखी चौघं. प्राजक्ताच्या माहेरहून, बाळापूरकडच्या शेतातून कुंड्यांसाठी आणून ठेवलेली काळी माती माझ्यात पडली, पाइप सुटला आणि पोट्टे आत उतरले.

अहो, काय तो धुडगूस! पहिली पाच मिनिटं पियुष "छी छी" करत एका बोटाने चिखल उचलत होता. मग रागिणीने एक गोळा त्याच्या पाठीवर हाणला. झालं! त्याने बूट काढून फेकले आणि लोळलाच. रोडगे वळले, भाजी झाली, एकमेकांना वाढून झाली. चौदा उन्हाळे मी मोठ्या माणसांना गार हवा दिली, पण कोणी माझ्यात बसून असं खदखदून हसलं नव्हतं. माझा पत्रा नुसता झणझणत होता.

आठ वाजता ऊन अंगणात उतरलं. चिखल उपसून झाला, पोरं माझ्या भिंतींना धरून बाहेर निघायला लागली आणि पियुषचे दोन्ही तळहात चिकटले. त्याने ओढून काढले, तर भिंतीवर दोन पंजे उमटले! त्याला गंमत वाटली. मग रागिणीने शेजारी आपले पंजे दाबले. मग सगळ्यांनीच.

तेवढ्यात आरती पोराला न्यायला आली. प्राजक्ता पाइप धरून पियुषला धूत होती. माती वाहून गेली, पण पोरगं काळं ते काळंच. "काळी माती धुतल्यानं जाते का नाई? हे तं जाऊनच नाई राहिलं!" आरती ओरडली. बाकीच्या आया धावून आल्या. कोणाच्या पोराच्या गुडघ्याला, कोणाच्या केसांना, आणि पियुषची चड्डी तर मागून पार काळीकुट्ट. प्राजक्ता गोंधळून गेली. तिला बिचारीला काय माहीत? रागिणी माझ्या काठाला धरून रडायला आली होती.

नत्थुजी टरबूज घेऊन फाटकात उभे. एका नजरेत त्यांना सगळं कळलं. टरबूज खाली ठेवलं आणि म्हणाले, "पोरीले नका बोलू कोनी. हे डांबर हाय. काल म्या मारलं. वाळलं नव्हतं, मले मालूम होतं. चूक माही हाय."

मी त्यांना तीस वर्षं ओळखतो. हा माणूस गिऱ्हाइकापुढे कधी वाकला नव्हता. त्या दिवशी सहा बायांपुढे मान खाली घालून उभा होता.

मग म्हणाले, "गोडंतेल आना. पाच मिनिटांत काढून देतो." अडगळीतून त्यांनी कूलरच्या जुन्या ताटीतलं गवत काढलं, तेलात बुडवलं आणि एकेका पोराचा हात मांडीवर घेऊन चोळायला लागले. दुकान वाढवताना रोज असेच तर हात साफ करायचे ते. पियुषला गुदगुल्या व्हायला लागल्या, तो हसता हसता आडवा झाला. आरती मात्र हसली नाही. टरबुजाची फोड न घेता पोराला घेऊन गेली. जाताना एवढंच म्हणाली, "उद्यापासून नको, वहिनी."

रागिणी त्या दिवशी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थुजी खरडणी घेऊन माझ्यापाशी आले. सगळं डांबर खरडून टाकणार होते. रागिणी धावत आली आणि पंजांवर आडवी झाली. "आबाजी, नका काढू! ते आले होते नं, त्याचं हे एवढंच तं हाय माह्याजवळ!"

नत्थुजींच्या हातातली खरडणी तशीच राहिली. आणि फाटक वाजलं.

पियुष होता. अनवाणी! मागे आरती, हातात तेलाची बाटली. "काय करू, काकाजी? पोट्टा पाचपासून उठून बसला. मोबाइल देला तं फेकून देला. म्हनते, रागिणीच्या घरी जातो." बाटली तिने माझ्या काठावर ठेवली आणि प्राजक्ताकडे बघून हसली. "घे, अख्खी आनली."

त्या दिवशी नऊ जण आले. मे संपेस्तोवर बावीस! सकाळी माझ्याभोवती पाय ठेवायला जागा नसायची. आयासुद्धा चहाचे कप घेऊन बसायच्या, आणि एकदा तर आरतीच माझ्यात उतरली. मी कॉलनीतला सगळ्यात मोठा असामी झालो, हे मी नाही, लोक म्हणतात.

आता पुन्हा एप्रिल आलाय. काल नत्थुजींनी पाणी भरून पाहिलं. तोच कोपरा, टिप... टिप... त्यांनी डांबराचा डबा उघडला, ब्रश बुडवला आणि थबकले. माझ्या भिंतीवर पंजे अजून तसेच आहेत, कडक वाळलेले. रागिणीने येऊन आपल्या जुन्या पंजावर हात ठेवून पाहिला. बोटं बाहेर आली. "आबाजी, मी मोठी झाली!" म्हणाली आणि पियुषला दाखवायला हाक मारत पळाली.

मालक, आयुष्यात तुमच्याकडे काही मागितलं नाही, आज मागतो. ब्रश लावू नका. हे पंजे बुजवू नका. गळू द्या मला.

नत्थुजींनी ब्रश बाजूला ठेवला. मग त्यांनी डब्याचं झाकण ठोकून घट्ट बसवलं, मोगऱ्याची कुंडी उचलून आणली आणि माझ्या कोपऱ्याखाली, बरोबर थेंब पडतो तिथे, सरकवली.

नत्थुजींचा टप गळतो, लोकहो. खुशाल सगळ्या अकोल्याला सांगा!