नंतरचा लेख

"हळू गं बाई. पाठ आहे ती माझी, ओटा नाही," ताई उशीत तोंड खुपसून पुटपुटल्या.

वहिनीने हात आवरता घेतला. गार पाण्यात पिळलेलं मऊ फडकं तिने झटकलं आणि या खेपेला नुसतं टेकवत टेकवत मानेपासून कमरेपर्यंत नेलं. कातडी पिवळी पडली होती आणि जिथे जिथे ताईंची नखं पोचत होती तिथे तिथे ओरखडे होते. काविळीची खाज. दुखणं सोसता येतं, पण ही खाज माणसाचं जनावर करते, असं ताईच म्हणत, आणि मग म्हणत, "म्हशीला निदान खांब तरी असतो."

"आता बरं वाटतंय?"

"वाटेल. बाळ्याला विचारलंस का?"

"काय?"

"काय म्हणजे? माझं औषध कधी सुरू करतोय ते."

"रिपोर्ट बघतायत ते."

"रिपोर्ट म्हणजे काय नाटक आहे का, पुन्हा पुन्हा बघायला?" ताई कुशीवर वळल्या. "अगं, सातासमुद्रापलीकडच्या बायकांच्या पोटात माझ्या भावाचं औषध जातंय. माझ्याच पोटाला काय धाड भरलीय?"

वहिनीने फडकं पाण्यात बुडवलं, पिळलं, आणि पिळून झाल्यावरही पिळत राहिली.

पित्ताशयाचा कॅन्सर. ज्या आजारावर धाकट्या भावाने उभा जन्म घालवला, नेमका तोच मोठ्या बहिणीला झाला, तेव्हा नात्यातल्या सगळ्यांची तोंडं उतरली, ताईंचं नाही. "रोगाला पत्ता तरी बरोबर सापडला," असं म्हणून त्या बॅग भरून आपल्या डॉक्टर भावाकडे आल्या. डॉक्टरांच्या गाजलेल्या लेखाचं लांबलचक इंग्रजी नाव त्यांना तोंडपाठ होतं. एकाही शब्दाचा अर्थ न लावता, पाढे म्हणावेत तसं त्या ते म्हणून दाखवत; शेजारणीला, केस कापणाऱ्या बाईला, एकदा तर चुकून फोन लागलेल्या माणसालाही. आई गेल्यावर ज्याला न्हाऊमाखू घालून शाळेत पोचवलं तो बाळ्या आता जाड पुस्तकांत आहे, म्हणजे कुठेतरी कोपऱ्यात आपणही आहोत, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

कावीळ उतरावी म्हणून दुसऱ्या हॉस्पिटलात पोटात नळी बसवून झाली होती. पुढे काय, असं तिथल्या डॉक्टरला विचारलं तर तो म्हणाला, तुमच्या भावापुढे मी काय बोलणार. भावाला विचारलं तर भाऊ म्हणाला, बघू.

बाहेरच्या खोलीतून हसण्याचा लोट आला.

"कोण आलंय गं?"

"ते गौरवग्रंथवाले."

"मग जा, चहा टाक. माझी पाठ कुठे पळून जात नाही."

वहिनीने पलंगाखालचं ओकारीचं भांडं उचललं. ते मोरीत रिकामं केलं, घासलं, उन्हात उपडं घातलं, हात धुतले आणि चहाचं आधण ठेवलं.

बाहेर टेबलभर छपाईचे कागद पसरले होते. त्यांच्या मधोमध मुखपृष्ठावर डॉक्टर स्वतःच, हनुवटीखाली मूठ धरून, कधी बसले नव्हते तसे बसलेले. समोर दोघं. एक त्यांचा जुना विद्यार्थी, आता स्वतःच विभागप्रमुख. वहिनीने मनातल्या मनात त्याचं नाव होयबा ठेवलं होतं. सरांनी बोलायला तोंड उघडलं की याची मान हलायला लागे; वाक्य मागाहून येई. दुसरी आकडेवाली. डॉक्टरांच्या सगळ्या संशोधनाचं गणित मांडणारी किडकिडीत बाई, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. ती हसण्यात सामील नव्हती.

"हा बघा सर, हा आलेख पान भरून टाकलाय." होयबाने कागद फिरवून डॉक्टरांपुढे धरला. जगभरच्या संशोधकांनी आपापल्या लिखाणात डॉक्टरांच्या लेखाचा किती वेळा हवाला दिला, त्याचे वर्षागणिक वाढत जाणारे निळे खांब. "सायटेशन म्हणजे सायटेशन. चढतायत नुसते! शेवटचा खांब मथळ्यात घुसत होता, छापखानेवाला म्हणाला, पान आडवं करा."

"आडवं बरं दिसेल?" डॉक्टरांनी विचारलं.

"भारदस्त दिसेल सर." मान आधीच हलून गेली होती. "आणि परवाची गंमत सांगायची राहिली. एक लेख आला होता माझ्याकडे तपासायला, कुणातरी नव्या पोराचा. काम बरं होतं, पण तुमचं नाव कुठेच नाही! मी शेरा मारला, या विषयातलं पायाभूत काम लेखकाने वाचलेलं दिसत नाही. आठवडा गेला नाही तोवर तुमचे लेख घातले बिचाऱ्याने. एक मागितला तर चार घातले!"

डॉक्टर हसले. मोठ्याने नाही, पाहुण्याने घरच्या लेकराचं कौतुक केल्यावर हसतात तेवढेच.

वहिनी ट्रे घेऊन उभी होती. होयबाने चहात बुडवलेलं बिस्किट तुटून कपात पडलं. त्याने बोट घालून तो लगदा बाहेर काढला, चोखला, आणि त्याच बोटाने आलेखावरचा सगळ्यात उंच खांब दाखवला. आतल्या खोलीतली ओकारी ती रोज उपसत होती, पिवळ्या अंगाला हात लावत होती. तिथे कधी नाक मुरडावंसं वाटलं नव्हतं. स्वच्छ धुतलेल्या कपांमधून येणारा हा वास मात्र तिला सोसेना. तिने बशा जरा जोरातच मांडल्या.

"सर," आकडेवाली म्हणाली, "नंतरचा लेख राहिलाय यात घालायचा."

"कुठला नंतरचा?" होयबाने विचारलं.

"त्याच पेशंटांचा. पुढे काय झालं त्यांचं, तो."

"अहो, तो कोण वाचतंय! एकानेसुद्धा हवाला दिलेला नाही त्याचा."

"सरांनीसुद्धा दिलेला नाही," आकडेवाली चष्मा पुसत म्हणाली.

डॉक्टरांनी आलेखाचा कागद डोळ्यांजवळ नेला, जणू त्यातलं काही बारीक अक्षर दिसत नव्हतं.

"जागा उरली तर बघा," ते म्हणाले.

तो लेख वहिनीने ऐकला होता. छापून आला त्या दिवशी डॉक्टरांनी तिला स्वयंपाकघरात तो मराठीत समजावून सांगितला होता. ती भाजी चिरत होती, ते कपाटाला टेकून उभे होते. पहिल्या लेखात त्यांनी गाठी मोजल्या होत्या. औषधाने गाठी लहान होत होत्या, ते खरं होतं, फोटोत दिसत होतं, आणि जगाने ते डोक्यावर घेतलं. नंतरच्या लेखात त्यांनी माणसं मोजली. औषध घेतलेली माणसं न घेतलेल्यांपेक्षा जास्त जगली नव्हती. उरलेले दिवस मात्र उलट्या करत, तोंड आलेलं घेऊन अंथरुणात काढले होते. शेवटचं वाक्य त्यांनी तिला पुन्हा एकदा वाचून दाखवलं. "आता लोक थांबतील," म्हणाले. त्या दिवशी तिला त्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा आधी कधी वाटला नव्हता, आणि पुढेही नाही.

कुणी थांबलं नाही. लेख एका कोपऱ्यातल्या मासिकात आला होता, तिथेच राहिला. डॉक्टर वर्षभर कुणाच्या तरी फोनची वाट पाहत होते, निदान कुणीतरी भांडायला तरी करील म्हणून. मग परदेशातून बोलावणं आलं, पहिल्याच लेखावर भाषण करायला, आणि त्यांनी नवा सूट शिवला. सुटाची सैल बटणं वहिनीने पक्की करून दिली. त्यानंतर त्या घरात नंतरच्या लेखाचा विषय निघाला नाही.

आतून चपला फरफटल्याचा आवाज आला. भिंत धरत धरत ताई दारात येऊन उभ्या राहिल्या, अंगावर शाल, एका हाताने दंड खाजवत.

होयबा ताडकन उठला. "ताई! या, या, बसा. सरांना घडवणाऱ्या ताई त्या तुम्हीच!"

"घडवलं कसलं, कान उपटले." ताई खुर्चीत टेकल्या, धाप ओसरू दिली, आणि मग ते इंग्रजी नाव न अडखळता पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं. होयबाने टाळ्या वाजवल्या.

"वा! हे तर ग्रंथात छापायला हवं." मग त्याचं लक्ष त्यांच्या डोळ्यांच्या पिवळेपणाकडे गेलं. तो अंदाज बांधायला चुकला नाही. फक्त तिथे थांबला नाही. "मग ताईंना आपलंच औषध चालू असेल ना, सर?"

आकडेवालीने पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"नाही ना!" ताई म्हणाल्या. "तेच विचारायला आलेय मी. चारचौघांत विचारलं म्हणजे टाळायचा नाही. बोल रे बाळ्या."

"ताई, आपण नंतर बोलू."

"नंतर कधी? मी मेल्यावर?"

"असं काय बोलतेस. तुझं वय बघ जरा."

"माझ्याहून म्हाताऱ्या आजीबाईंना दिलंस. तूच सांगितलं होतंस."

"कावीळ आहे अजून."

"उतरतेय. नळी घातलीय की."

"ताई, सरांनी विचार करूनच ठरवलं असेल," होयबा मध्ये पडला. "कधी कधी पेशंटची ताकद, म्हणजे एकूण प्रकृती..."

"तुम्हाला नाही विचारलं हो मी." ताईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भावाकडे बघत त्या पुढे सरकल्या. आवाजातली गंमत गेली होती. "उलट्या होतात, केस जातात, सगळं ठाऊक आहे मला. तयार आहे मी. मला जगायचंय रे. तुझ्या हातात असताना तू गप्प का बसतोस? मी काय परकी आहे?"

"परकी असतीस तर..." डॉक्टर म्हणाले, आणि थांबले.

त्यांनी ते भराभर म्हटलं होतं, समजूत काढताना माणूस बोलून जातो तसं. पुढचे शब्द त्यांच्या तोंडात तयारच असावेत, कारण ओठ उघडेच राहिले. होयबाची मान, सवयीने, एकदा हलली. आकडेवाली खाली बघत होती.

"तर काय?" ताईंनी विचारलं.

डॉक्टरांनी मुखपृष्ठाचा कागद उचलून उपडा ठेवला.

"तर काय, बाळ्या? परकी असते तर दिलं असतंस?"

ताईंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, शेवटी भावजयीकडे. "तू तरी सांग गं. हे सगळे असे का बसलेत?"

वहिनीने ट्रे टेबलावर ठेवला, त्या निळ्या खांबांवरच. खाजवून खाजवून लाल झालेला ताईंचा हात तिने दोन्ही हातांत धरला.

"त्या औषधाने गाठ लहान होते, ताई. माणूस जगत नाही. इथे बसलेल्या सगळ्यांना ते माहीत आहे. मलाही."