घोड्याच्या मानेवरचा खड्डा

निवृत्त सराफाची मुलगी करताना माणसाने दहादा विचार करावा. दातांच्या डॉक्टरांनी एकदाही केला नव्हता. लग्नाच्या दिवशीच सासऱ्यांनी गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं, जावयाने आणलेली अंगठी पाहिली आणि सगळ्या पाहुण्यांदेखत सांगून टाकलं, "खड्याला आतून चीर आहे." तेव्हापासून डॉक्टरांचं घड्याळ, गाडी, घराची फरशी, सगळं सगळं त्या भिंगाखालून गेलं आणि नापास झालं. भिंतीत ठोकलेला खिळासुद्धा तिरका निघाला. बरं, सासरे खोटं बोलत असते तर भांडता तरी आलं असतं! पण खिळा खरंच तिरका होता.

आता सासऱ्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस आला होता आणि डॉक्टरांनी मनाशी पक्कं केलं होतं, की ह्या खेपेला म्हाताऱ्याच्या तोंडून 'छान' काढायचंच. आयुष्यात एकदा. मग पुढे काय वाटेल ते होवो. सासऱ्यांना नाणी जमवायचा नाद होता आणि टांकसाळीने नुकतंच चांदीचं नवं नाणं काढलं होतं, त्यावर उधळलेला घोडा. डॉक्टरांनी ते बंद डबीतलं घेतलं. घरी आल्यावर म्हटलं, सासऱ्यांच्या आधी आपणच भिंगाखाली बघून घ्यावं. बघतात तर घोड्याच्या पोटावर दुधाळ डाग!

नाणेवाल्याने कुरकुर न करता बदलून दिलं. दुसऱ्या घोड्याच्या पायावर ओरखडा निघाला. नाणेवाल्याने कुरकुर करून बदलून दिलं. तिसऱ्याच्या मानेवर खड्डा. मोहरीएवढाही नाही, पण शेवटी खड्डा तो खड्डाच.

"साहेब, पाया पडतो तुमच्या," नाणेवाला म्हणाला. "कारखान्यातून निघतात हो ही नाणी, एखाद्याला लागणारच की कुठेतरी. हे माझ्याकडचं शेवटचं. पैसे परत हवे तर घ्या, पण घोडा आता मिळायचा नाही. आणि एक ध्यानात ठेवा. त्याला घासू नका, पुसू नका, काही करू नका. नाण्यावर हात चालवला की ते कामातून गेलं."

डॉक्टर नाणं घेऊन घरी आले ते तोंड पाडूनच.

"अहो, शर्ट देऊ या बाबांना," बायको म्हणाली.

"शिवण उसवून बघतील ते."

"मग बघू देत. तुम्ही आधी ते भिंग ठेवा खाली. हुबेहूब बाबांसारखे दिसायला लागलात." हे मात्र डॉक्टरांना फार लागलं. त्या दिवशी ते धड जेवलेसुद्धा नाहीत.

वाढदिवसाच्या दिवशी दुपारी दवाखाना रिकामा होता. डॉक्टरांनी सहज म्हणून नाणं डबीतून काढलं, हत्यारांच्या ट्रेमध्ये ठेवलं आणि वरचा मोठा दिवा लावला. खड्डा लख्ख दिसायला लागला. आता तुम्हीच सांगा, जो माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत खड्डे भरतो, त्याच्या डोळ्यांसमोर खड्डा ठेवल्यावर त्याचे हात गप्प बसतील का? नाणेवाल्याचं बोलणं राहिलं बाजूला. डॉक्टरांनी हातमोजे चढवले.

मदतनीस बाई आत आल्या. "डॉक्टर, पेशंट कुठाय?"

"हा काय."

बाईंनी घोड्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. पण बाई कामाच्या. "भूल द्यायची का?" त्यांनी विचारलं.

"नको, वरवरचाच आहे," डॉक्टर म्हणाले. बाईंच्या बोलण्याकडे त्यांचं चित्त नव्हतंच. त्यांनी घोड्याच्या दोन्ही अंगांना कापूस लावला, खड्डा कोरून साफ केला, दाढेत भरतात ती चांदी कालवून भरली, दाबली, मान नीट वळणावर आणली आणि चकचकीत करून दिली. मध्ये एकदा सवयीने "दुखलं तर हात वर करा" असंही म्हणून झालं. काम संपलं, बाईंनी कापूस उचलला, आणि तेव्हा कुठे डॉक्टरांना नाणेवाला आठवला.

पण आता दुसरं काही आणायला वेळ कुठे होता? संध्याकाळी सासऱ्यांच्या बैठकीत सगळं गणगोत जमलं होतं. डॉक्टरांनी डबी पुढे केली आणि मनात म्हटलं, होऊ दे एकदाचं. सासऱ्यांनी भिंग लावलं. पोट पाहिलं, पाय पाहिले. मानेवर आले आणि थांबले.

"हे कोणी केलं?"

"मी," डॉक्टर म्हणाले. "खड्डा होता. भरला."

बायकोने कपाळाला हात लावला. मेव्हण्याला हसू आवरेना, तो पाणी प्यायला उठून गेला.

"नाण्याचं वाटोळं केलंत, जावईबापू! ह्याला आता कोणी विचारणार नाही."

"हो, बाबा." डॉक्टरांना रडूच यायचं बाकी होतं.

सासऱ्यांनी भिंग मात्र काढलं नाही. नाणं दिव्याकडे धरलं, वळवलं, पुन्हा वळवलं, नखाने चाचपलं. मग एकाएकी उठले, डॉक्टरांचा हात धरला आणि त्यांना आतल्या खोलीत नेऊन दार लावून घेतलं.

"सांधा कुठाय?" त्यांनी हळूच विचारलं. "रंग जरा वेगळा आहे म्हणून कळलं. नुसत्या नखाला कळलं नसतं. जन्मभर चांदी जोडली मी, पण सांधा लागायचाच हाताला." एवढं बोलून ते खाटेवर बसले आणि त्यांनी चक्क आ केला. "ही बघा. डावीकडची. ठणकते."

"कधीपासून?"

"झाले बरेच महिने."

"अहो, मग मला सांगायचं नाही का?"

"कसं सांगणार?" सासरे खाली बघत म्हणाले. "मी तुमचा खिळासुद्धा सोडला नाही. तुमच्यापुढे तोंड उघडायची भीती वाटायची मला."

डॉक्टरांना एकदम भरून आलं. त्यांनी मोबाइलचा उजेड पाडून आत पाहिलं. सगळा आनंदच होता. पण त्यांच्याने खरं सांगवेना. "उत्तम आहेत, बाबा. एवढी एकच काय ती."

"खोटं बोलू नका. मी रोज बघतो आरशात. चार किडल्यात आणि एक हलतेय." म्हाताऱ्याने स्वतःलाही कधी सोडलं नव्हतं, हे डॉक्टरांना आज कळलं.

"उद्या सकाळी या," ते म्हणाले. "सगळ्या करू. हळूहळू करू."

सासऱ्यांनी मान हलवली, डोळे पुसले, घसा साफ केला आणि दार उघडून बैठकीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "वाया घालवलं! चांगल्या नाण्याचं मातेरं केलं ह्या माणसाने!"

ओरडतानाही त्यांनी जावयाचा हात घट्ट धरून ठेवला होता.