पटावरून उठायचं नाही

“अंगावर पिणारं पोर मागे ठेवून डावाला बसू नये गो,” निघताना सासूबाई म्हणाल्या होत्या. “डावाला पोरीची भूक कळत नाही.”

वासंतीने ते हसण्यावारी नेलं होतं. आलेच, म्हणून ती बाहेर पडली होती.

आता तिने उंट तिरका पुढे सरकवला आणि हात मांडीवर ठेवले. समोर शेवडे वकिलांनी पटाकडे पाहिलं, मग आढ्याकडे. मग तपकिरीची डबी काढली. चिमूट कितीतरी वेळ त्यांच्या बोटांतच राहिली.

वाचनालयाच्या माडीवर सतरंजी अंथरली होती. मधे पट, भोवती भिंतीला टेकलेले गावातले पुरुष, आणि बाई एवढी एकच. हा डाव जिंकेल तो मुंबईच्या सामन्याला जाणार होता. बरोबरी झाली तर मान गेल्या सालच्या विजेत्याचा, म्हणजे शेवड्यांचाच. वडिलांनी शिकवलेला हा खेळ तिने पुण्याला कॉलेजात धारेला लावला होता. लग्नानंतर ती नवऱ्याशी, हरिहरशी खेळली, मग त्याच्या शाळेतल्या दुसऱ्या मास्तरांशी, मग त्या मास्तरांना हरवणाऱ्यांशी. असं करत इथवर आली होती. पुढच्या साली येऊ देतील की नाही, कोण सांगणार?

मुंबईला म्हणे घड्याळ लावतात. इथली रीत जुनी होती. विचार करणाऱ्याला घाई करायची नाही, आणि डाव चालू असता पटावरून उठायचं नाही. उठला तो हरला. बाहेर जाऊन कुणी चाल विचारून येऊ नये म्हणून ही रीत पडली. तान्ह्या मुलीची आई कधी पटावर बसेल, हे ती पाडणाऱ्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. शेवड्यांच्या मात्र आज ते पक्कं ध्यानात होतं.

वासंतीने पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. चोळी ओली व्हायला लागली होती. खालच्या गल्लीत कुठेतरी मूल रडलं. तिची मान आपोआप खिडकीकडे वळली. आपलं नव्हे, आपली कुंदा आधी हुंदका घेते, मग सूर लावते. ती पटाकडे वळली, आणि घोडा कुठल्या घरात होता हे तिला पुन्हा पाहावं लागलं.

“कंटाळलात काय?” शेवडे म्हणाले. “आम्हाला बाई सुचायला वेळ लागतो. वय झालं.”

भिंतीशी कुणीतरी हसलं.

“बरोबरीत सोडवू हवं तर. घरी तान्हं आहे म्हणतात. त्याचा तळतळाट नको आम्हाला.”

“तुम्ही चाल करा,” वासंती म्हणाली.

पंच म्हणून बसलेले म्हातारे आप्पा चाली लिहायची पाटी मांडीवर घेऊन चुळबुळले. “शेवडे, अहो...” पण रीत मोडून बोलायचं कसं? दारात उभा असलेला हरिहर खाली जाऊन आला. त्याचा चेहरा वासंतीने पाहिला आणि तिला विचारायची गरज उरली नाही.

पुन्हा रडणं ऐकू आलं. ह्या वेळी आधी हुंदका आला.

जिना वाजला. सासूबाई, यमुनाबाई माडीवर आल्या, घामेजलेल्या, कडेवर लालबुंद झालेली कुंदा. वाचनालयाची पायरी त्या जन्मात चढल्या नव्हत्या. भिंतीशी बसलेल्यांतले दोघे-तिघे उठून उभे राहिले.

“घे,” त्यांनी मुलगी वासंतीच्या मांडीवर ठेवली. “मधाचं बोट चाटवलं, पाण्याचं चाटवलं. ऐकत नाही.”

“वहिनी, मी उठले... मी उठले तर डाव जातो,” असं वासंतीच्या तोंडून तुटकपणे निघालं. घाबरली की ती सासूबाईंना हरिहरच्या आत्यांसारखी वहिनी म्हणे.

“उठायला कोणी सांगितलंन?”

आप्पांनी घसा साफ केला. “यमुनाबाई, इथे पुरुष मंडळी आहेत.”

“मग पुरुष मंडळींनी पट बघावा. तोच बघायला जमलात ना?”

पण पट तर वासंतीच्या मांडीला लागून होता. एकेक माणूस खिडकीकडे वळला. कुणाला एकदम माडाचे नारळ मोजावेसे वाटले, कुणी जिन्याने खाली गेला. आप्पांनी पाटीसकट भिंतीकडे तोंड केलं. हरिहर दारात पाठमोरा उभा राहिला. यमुनाबाई सतरंजीच्या कडेला बसल्या आणि पदराने वारा घेऊ लागल्या.

पदराआड कुंदा लागली आणि एकदम शांत झाली. वासंतीने डोळे मिटले, उघडले. पट कितीतरी वेळाने नीट दिसत होता.

शेवड्यांना तेवढं वळता येईना. उठला तो हरला. ते तिरके बसले, तपकीर ओढली, शिंकले. नजर आपल्याच बाजूच्या चार ओळींवर रोखून धरली. त्यापलीकडे ती जाऊ लागली की पुन्हा मागे ओढून घेत. आता त्यांना विचार करायचा नव्हता, संपवायचं होतं. त्यांनी वजीर उचलला, बाजूच्या मोकळ्या उभ्या ओळीत ठेवला आणि हात सोडला.

त्या ओळीच्या अलीकडच्या टोकाला, वासंतीच्या गुडघ्याजवळ, कुंदाच्या हलत्या पावलाआड तिचा हत्ती उभा होता. डावाच्या सुरुवातीपासून जागचा हलला नव्हता.

वासंतीने वकिलांकडे पाहिलं. ते खिडकीकडे बघत होते. तिने मुलीचं पाऊल हलकेच बाजूला केलं.

“काय चाल झाली?” भिंतीला तोंड करूनच आप्पांनी विचारलं.

“हत्ती सरळ. वजीर घेतला.”

शेवडे गर्रकन वळले आणि तसेच परत फिरले. “हे धरता येणार नाही, आप्पा. मला हत्ती दिसलाच नाही.”

“का दिसला नाही, ते सांगा. लिहून घेतो.”

शेवड्यांनी न बघताच आपला राजा चाचपून आडवा केला.

कुंदाला घेऊन मुंबईला जाणं कुणालाच पटेना. बोटीचा वारा, परकं बिऱ्हाड. सासूबाई म्हणाल्या, राहील माझ्याजवळ. बोंडल्याच्या चोचीने दूध पाजायची सवय लावायला घेतली. कुंदा बोंडलं तोंडाशी आलं की मान फिरवी. वासंती खांबाआड उभी राहून बघे. ती दिसली की पोर तेवढंही पीत नसे.

“मुंबईला बरं असतं,” हरिहर म्हणाला. “चाल नसली की पटावरून उठता येतं.”

“उठून कुठे जाऊ?”

निघायच्या दिवशी मांडवी बंदरात बोट लांब खोल पाण्यात उभी होती. लोक पडावातून तिच्यापर्यंत जात होते. पडावात बसलेल्या वासंतीने पट छातीशी धरला होता. जो जो किनाऱ्याकडे परतताना दिसला त्याला ती तेच सांगत राहिली, ओळखीच्याला, अनोळख्याला. तुम्ही तिथे असतात तर तुम्हालाही.

“त्या बाजूने जाणार असाल तर जरा डोकावाल का? विहिरीजवळचं घर, मास्तरांचं. झोपली असेल तर उठवू नका. दूध प्यायली का, एवढंच विचारा. सासूबाई हो म्हणतील, काही झालं तरी हो म्हणतील. तुम्ही बोंडलं उचलून बघा.”