न फिरलेला पंखा

"ताईंना हाफ क्लचवर गाडी चालवायची सवय आहे, म्हणून तापते," अनिरुद्ध म्हणाला. आणि तेही नीलांबरीला नाही, तिच्या भावाला.

नीलांबरी हेल्मेट काखेत धरून तिथंच उभी होती. मोटारसायकल तिची. ती गुरांची डॉक्टर, हिंगोलीहून गावोगावच्या गोठ्यांत रोज याच गाडीवर जायची. भाऊ पुष्कर नुसता सोबतीला आलेला. त्याला स्कूटीपलीकडे काही चालवता येत नव्हतं. तरी सर्व्हिस सेंटरचा हा मॅनेजर सगळं त्याच्याकडे बघून बोलत होता.

"गाडी माझी आहे, माझ्याशी बोला," ती म्हणाली. "मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा जागेवर असतो. कळमनुरीच्या बाजारात अडकले की तांबड्यात जातो. म्हणजे समोरचा वारा थांबला की तापते. तेव्हा रेडिएटरमागचा पंखा सुरू व्हायला हवा ना? तो फिरतच नाही. मी वाकून पाहिलंय."

"मॅडम, उन्हाळा आपल्याकडचा. ठेवून जा, बघतो."

संध्याकाळी गाडी मिळाली. काय केलं विचारल्यावर "काम बराबर केलंय, आता तापणार नाही" एवढंच उत्तर.

पण गाडीचं वागणं बिघडलं. हायवेवर कितीही पळवली तरी काटा तळाशीच. इंजिन सकाळी सकाळी घुसमटल्यासारखं चाले, पेट्रोल मात्र भसाभस पिई. तिनं फोन केला, तर अनिरुद्ध हसला. "तापली तरी तक्रार, थंड राहिली तरी तक्रार! काय करावं माणसानं?"

तिनं फोन ठेवला तेव्हा तिचे कान तापले होते.

त्याच आठवड्यात कनेरगाव नाक्याजवळच्या मळ्यातून संतरामचा फोन आला. "मॅडम, म्हैस अडून राहिली. पाय दिसून राहिले, मुंडकं न्हाई. लवकर या."

ती तशीच निघाली. वाटेत रस्त्याचं काम होतं. हळदीच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली, मागं ट्रक, वरून ऊन. इंच इंच पुढं सरकताना तळाशी झोपलेला काटा उठला आणि बघता बघता तांबड्यात शिरला. तिनं खाली वाकून कान दिला. पंखा गप्प. मग उकळत्या पाण्याचा आवाज, वाफ, आणि गाडी बंद. पिशवी खांद्याला लावून ती धावत सुटली. पुढं एका टेम्पोवाल्यानं तिला घेतलं.

ती पोचली तेव्हा म्हैस आडवी पडून धापा टाकत होती. संतरामची बायको आशाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. नीलांबरीनं हात घालून मागं वळलेली मान सरळ केली, रेडकू बाहेर ओढलं. पारडी होती, चांगली भरलेली. छाती चोळली, नाकातोंडातलं काढलं, उलटी धरली. काही उपयोग झाला नाही. म्हैस तेवढी वाचली.

"जरा आधी आल्या असत्या तर..." संतराम एवढंच बोलला आणि पाण्याची बादली घ्यायला वळला. नीलांबरीनं गाडीचं काही सांगितलं नाही. मेलेल्या लेकराशेजारी बसून गाडीचं गाऱ्हाणं काय गायचं?

दुसऱ्या दिवशी गाडी टेम्पोत घालून ती सर्व्हिस सेंटरला गेली. एकटीच.

"थर्मोस्टॅट उघडा. माझ्यासमोर."

अनिरुद्धनं कुरकुर केली. ती हलली नाही. शेवटी मेकॅनिकनं नळीच्या तोंडावरचं झाकण खोललं. आत काहीच नव्हतं. रिकामी खोबण.

"कुठं गेला?"

"मॅडम, गाडी तापते म्हटल्यावर काढून टाकतात. सगळेच काढतात. पाणी मोकळं फिरतं."

"मला न विचारता?" तिचा आवाज चढला. काउंटरवरचे लोक वळून बघू लागले. "तो झडपेसारखा असतो. इंजिन गार असेपर्यंत बंद राहून पाणी आतच फिरवतो, गरम झालं की आतलं मेण वितळतं आणि रेडिएटरची वाट उघडतो. तुम्ही तो काढला, म्हणून इंजिन ऊबच धरेना. पेट्रोल प्यायला लागलं ते त्यापायी. आणि उभ्या गाडीत रेडिएटरमधलं पाणी निववायला वारा लागतो. तो पंख्यानं द्यायचा. मी पहिल्याच दिवशी पंखा म्हटलं होतं. पाहिलात? काल वाटेत गाडी बंद पडली, अडलेल्या म्हशीकडे पोचायला उशीर झाला आणि तिचं रेडकू गेलं."

मेकॅनिकनं पंख्याची वायर ओढली. जोड गंजून सुटलेला. ती हातातच आली.

अनिरुद्ध हळू आवाजात म्हणाला, "बसवून देतो सगळं, फुकट. आता शांत व्हा. एक रेडकू गेलं, जाऊ द्या. जनावरच ते."

"जाऊ द्या?" नीलांबरी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "त्या म्हशीच्या मालकिणीला वाटतंय डॉक्टर उशिरा आली. तुम्ही मला मूर्ख ठरवलंत, वरून हसलात, आणि आता जाऊ द्या?"

दुरुस्ती झाली. उभ्या गाडीत काटा वर चढला, पंखा घरघरत सुरू झाला, काटा उतरला. "झालं समाधान?" अनिरुद्धनं विचारलं. तिनं हेल्मेट चढवलं.

ती थेट मळ्यावर गेली. म्हशीला सलाईन लावता लावता तिनं आशाबाईला सगळं सांगितलं. आशाबाई ऐकताना उभी राहिली.

"मंग त्याला इथं काहून न्हाई आणलं?"

"तो येणार नाही, आशाबाई."

"त्यो न्हाई येत तर आपुन जाऊ. चला." पदर कमरेला खोचून ती गाडीवर मागं बसलीसुद्धा. संतराम "अगं, अगं" करत राहिला.

सर्व्हिस सेंटरमध्ये आशाबाईनं काउंटरवर दोन्ही हात टेकले. "पारडी माझी मेली. ह्या बाईच्या उशिरानं मेली असं मी काल रातभर म्हणून राहिले. खरं सांगा, उशीर कुणापायी झाला?"

अनिरुद्धनं इकडंतिकडं पाहिलं. गिऱ्हाईकं थांबून ऐकत होती. "मावशी, बसा, पाणी..."

"पाणी नगं. सांगा."

"आमच्यापायी," तो म्हणाला. मग नीलांबरीकडे वळून, पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "चूक झाली, डॉक्टर."

आशाबाईचं तेवढ्यानं भागलं नाही. "आता ज्या ज्या गाडीतली ती झडप काढून ठेवलीय, त्या समद्यायला बोलवा आन् बसवून द्या," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. तो पहिला फोन लावेपर्यंत ती उठली नाही. नीलांबरी तिच्याशेजारी बसून राहिली. तिचा राग अजून तसाच होता, फक्त आता तो एकटीचा नव्हता.