थिर्झामावशींची न विझलेली आग

इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात, आमच्या गावात सगळ्यांत जुनं छप्पर थिर्झामावशींचं. घर बांधलं तेव्हा धुराडं नव्हतं. खोलीच्या मधोमध आग पेटायची आणि धूर छपराच्या गवतातूनच वाट काढायचा. म्हणून पेंढ्याचा तळचा थर अजून डांबरासारखा काळा आहे. धुराडं पुढे कधीतरी बांधलं, पण छप्पर कुणीच उतरवलं नाही. आमच्याकडे शाकारताना जुन्यावरच नवा थर चढवतात. छप्पर जितकं जाड, तितकं घराणं जुनं.

विद्यापीठासाठी त्या काळ्या थराचे नमुने घ्यायला मी माळ्यावर चढले आणि लांब सळईचा तापमापक पेंढ्यात खुपसला. सगळीकडे गारवा होता. धुराड्यापाशी मात्र आकडा शंभराच्या पुढे गेला.

खाली येऊन म्हणाले, "मावशी, आग विझवा."

"ऐकलंस, जेबेझ?" मावशी भावाकडे वळल्या. "कालपर्यंत हिला नाक पुसता येत नव्हतं."

"घराची टोपी जाड झालीय, डोकं तापणारच," जेबेझकाका पाइप चावत म्हणाले.

"पणजीनं पेटवलेली आग आहे ही," मावशी म्हणाल्या. " रोज निखारे राखेत झाकायचे, सकाळी फुंकायचे. आई गेली त्या दिवशीसुद्धा विझू दिली नाही."

"पण ही लोखंडी शेगडी?"

"भाच्यानं बसवली, गेल्या हिवाळ्यात. दुप्पट ऊब देते."

"धुराडंही तेवढंच तापवते. आणि भोवती कमरेएवढा पेंढा. ती उष्णता जाणार कुठे?"

मावशी उठल्या. शिडी चढून त्यांनी धुराड्याच्या विटांना हात लावला आणि झटकन मागे घेतला. खाली येऊन शेगडीचं दार उघडलं, किटलीतलं पाणी स्वतःच निखाऱ्यांवर ओतलं. काकांनी डोक्यावरची टोपी काढली.

विटा कोमट झाल्यावर मी पुन्हा वर गेले. आकडा उतरायला हवा होता. तो चढला होता. सळई ओढून काढली. तिच्या टोकाला करपलेल्या पावासारखा वास होता.

"काय म्हणतोय तुझा काटा?" मावशींनी खालून विचारलं.

"मावशी, काकांना घेऊन बाहेर जा. कोट घ्या. मी बंब बोलावते."

"अगं, आग विझलीय ना?"

"शेगडीतली विझलीय."