उशिरा येणाऱ्यांचं औषध

मी इन्क्युबेटर बोलतोय. नाव जड वाटलं तर 'आजोबा' म्हणा. इथले सगळे तसंच म्हणतात. दार उघडलं की मी कण्हतो, म्हणून हे नाव पडलं. मला त्याचा राग नाही. कण्हणाऱ्याला आजोबा नाही तर काय म्हणणार?

दिसायला मी लोखंडी कपाटासारखा. पण माझ्या पोटात निरोगी माणसाच्या अंगाइतकी ऊब असते, कमी नाही की जास्त नाही. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, कुठेतरी कोंबडीची पिल्लं उबवायला जाईन. आलो ते या प्रयोगशाळेत. इथे फ्लूवर नवी औषधं शोधतात.

माझ्याकडे सांभाळायला असतात त्या पेशी, फार वर्षांपूर्वीच्या एका कुत्र्याच्या मूत्रपिंडातल्या. ते कुत्रं कधीच गेलं. त्याच्या पेशी अजून माझ्या कुशीत वाढताहेत. छोट्या वाट्यांच्या ताटलीत त्या तळाशी चादरीसारख्या पसरतात. मग बाई त्यांच्यावर फ्लूचा विषाणू सोडतात, औषध घालतात आणि ताटली माझ्या हवाली करतात. काही दिवसांनी ती बाहेर काढून जांभळा रंग ओततात. पेशी जिवंत असतील तिथे जांभळं दिसतं, मेल्या असतील तिथे पांढरं भोक. भोकं दिसली नाहीत की समजायचं, औषध कामाचं.

बाई म्हणजे या खोलीच्या मुख्य. जीभ तिखट, हात हळुवार. औषधाच्या पुड्या वरच्या मजल्यावरून यायच्या, रसायनवाल्या काकांकडून. पूड दिली की काका माझ्या दारावर तळवा टेकवून म्हणायचे, "आजोबा, सांभाळा बरं का लेकरांना."

"काका, तुमची लेकरं इथे नापास व्हायलाच येतात," बाई म्हणायच्या.

"असू दे. बापाला सगळीच हुशार वाटतात."

बहुतेक सगळी नापासच व्हायची. एखादी पूड काहीच करायची नाही. एखादी विषाणूबरोबर पेशींचाही जीव घ्यायची. काका ताटली उजेडात धरून बघायचे आणि गुपचूप जिना चढायचे.

एका दुपारी माझ्यापाशी बसून ते बाईंशी बोलत होते.

"आमच्या हिला ताप आला तेव्हा म्हटलं, साधा फ्लू आहे, पडून राहिली की बरी होईल. चौथ्या दिवशी धाप लागली तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, औषध आहे, पण पहिल्या दोन दिवसांत दिलं तर खरं लागू पडतं. दिलं त्यांनी तरी. पण..."

बाईंनी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

"मला उशिरा येणाऱ्यांचं औषध करायचंय, बाई."

पण काकांची निवृत्ती जवळ आली. शेवटची पूड घेऊन ते खाली आले. आधी विषाणूला पेशींत मुरू द्यायचं आणि मग उशिराने औषध घालायचं, असं ठरलं होतं. बाईंचे हात दुसऱ्या कामात होते, म्हणून पूड काकांनी स्वतःच कालवली.

ताटली निघाली तेव्हा काकांच्या वाट्या जांभळ्याभोर. एक भोक नाही.

"बाई, पोरगी पास झाली!" काका खोलीभर फिरले. माझ्या दारावर थापट्या मारल्या. बाईही हसल्या, पण हसता हसता थांबल्या. ज्या वाटीत औषध नावापुरतंच होतं, तीसुद्धा स्वच्छ होती.

"काका, पूड कशात कालवली होतीत?"

"त्या मोठ्या बाटलीतल्या, पेशी वाढवायच्या खुराकात. म्हटलं, पेशी बिचाऱ्या आजारी पडणार, चांगलंचुंगलं पोटात जाऊ दे."

बाईंनी ताटली खाली ठेवली. त्या खुराकात वासराच्या रक्तातलं सीरम असतं. ते मिसळलं की हा विषाणू एका पेशीतून दुसरीत पसरू शकत नाही, औषध असो की नसो. खात्रीसाठी त्यांनी दुसऱ्या ताटलीतल्या एका वाटीत विषाणूवर पूड न घालता नुसता खुराक घालून पाहिला. तीही वाटी स्वच्छच निघाली.

काका काही दिवसांनी जाणारच होते. बाई गप्प राहिल्या असत्या तर ते आनंदात गेले असते. बाईंनी तीच ताटली त्यांच्यापुढे धरली आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे नापास?" काकांचा आवाज अगदी बारीक झाला.

"परीक्षाच झालेली नाही, काका. परत घेऊ. कालवणार मात्र मी."

"आणि मी काय करू?"

"तुम्ही आजोबांपाशी बसा. कशाला हात लावायचा नाही."

खरंच बसले. माझ्याकडे बघत, रोज. मी ऊब जरासुद्धा ढळू दिली नाही. माझ्या हातात तेवढंच होतं.

ताटली निघाली. भोकं होती. काकांनी पाहिलं आणि जिन्याकडे वळले.

"थांबा!" बाई ओरडल्या. "भोकं मोजू नका, आकार बघा."

औषध नसलेल्या वाटीतली भोकं मसुराएवढी होती. काकांच्या वाटीतली टाचणीच्या टोकाएवढी. विषाणू आत शिरला होता, पण त्याला पसरायला जमलं नव्हतं. औषध उशिरा येऊनसुद्धा.

"पास?" काकांनी विचारलं.

"काठावर."

"चालेल. मीसुद्धा जन्मभर तसाच पास होत आलो." आणि त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

काका आता घरी असतात. पुडीचं काम चालू आहे. अजून ती प्राण्यांना द्यायची, मग माणसांना. तिथे ती टिकेल की नाही, कोणी सांगू शकत नाही. माझ्या दाराचं रबर झिजलंय, ऊब फटीतून निसटते. नवा इन्क्युबेटर बाहेर प्लास्टिकमध्ये गुंडाळून उभा आहे. पोरगा चांगला वाटतो.

जाण्याआधी एक विनवणी. उशिरा येणाऱ्यांचं औषध अजून तयार नाही. तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला, तान्ह्या मुलाला ताप आला, तुम्ही कपाळावर तळवा टेकवलात आणि तो भाजला, तर 'साधा फ्लू' म्हणून नुसती चादर ओढून देऊ नका. धाप लागायची वाट बघू नका. लवकर दवाखान्यात न्या.

काका अजून कधीतरी येतात. माझ्या दारावर तळवा टेकवतात. ऊब नीट आहे ना, एवढंच बघतात.